चौथीतला मुलगा अडखळत वाचतो. बुद्ध्यांक ९८ आला, आता पुढे काय?

प्रश्न (वर्गशिक्षिका):
मराठी माध्यम, वय साडेनऊ. तोंडी विचारलं की गणित, परिसर अभ्यास सगळं बरोबर सांगतो. वाचताना मात्र पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने म्हणतो. पालकांनी बुद्ध्यांक चाचणी करून आणली, अहवालात फक्त ९८ हा आकडा आहे. एवढ्यावर अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन जमत नाही, त्याचं) प्रमाणपत्र मिळेल का?

उत्तर १ (मानसशास्त्रज्ञ):
नाही मिळणार. केंद्र सरकारच्या २०१८च्या सूचनांत क्रम दिला होता: बालरोगतज्ज्ञांकडून नजर आणि कान तपासायचे, मग मिसिक किंवा विस्क या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांवर बुद्ध्यांक, आणि तो ८५च्या वर असला तर निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचा अध्ययन अक्षमतेसाठीचा चाचणीसंच. म्हणजे खरी तपासणी अजून व्हायचीच आहे. चाचणी मिसिक असेल तर उपचाचण्यांचे गुण मागून घ्याच. तिथे एकूण बुद्ध्यांक म्हणजे शाब्दिक (तोंडी प्रश्नांचा) आणि कृती (हातांनी करायच्या कामांचा) या दोन बुद्ध्यांकांची सरासरी. शाब्दिक ८४, कृती ११२ असले तरी ९८च येतो, आणि नेमकी जी कळायला हवी ती दोन्हींतली तफावत त्यात झाकली जाते. तीच चाचणी लगेच पुन्हा करू नका. सरावाने गुण फुगतात.

उत्तर २ (विशेष शिक्षक):
वाचन-लेखनाची तपासणी मराठीतच व्हायला हवी, याचा आग्रह धरा. पहिली ते पाचवीसाठी दाली हा वाचन-अक्षमता तपासायचा संच मराठीत आहे. सोबत वर्षभराच्या वह्या द्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून काही ठरत नाही, त्या बहुतेक मुलांच्या होतात. ब-भ, द-ध यांची अदलाबदल, गळलेली जोडाक्षरं, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला, हे बघा. फळ्यावरून नीट उतरवतो पण श्रुतलेखनात कोसळतो, असं असेल तर ध्वनी आणि अक्षराची जोडणी कच्ची असण्याची शक्यता जास्त. फळ्यावरूनच चुकत असेल तर आधी चष्म्याचा नंबर.

उत्तर ३ (समुपदेशक):
पहिली-दुसरीची हजेरीही काढा. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल दिवाळीनंतर महिनोन्महिने शाळेत नसतं; तिथे वाचन शिकवलंच गेलेलं नसतं, आणि त्याला अक्षमता म्हणणं अन्यायाचं आहे. २०१८च्या सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांपासून मिळायचं, १४ आणि १८व्या वर्षी फेरतपासणी व्हायची, १८चं कायम चालायचं. प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबू नका. रोज १५-२० मिनिटं शब्द तोडून-जोडून म्हणून घ्या आणि परीक्षेत प्रश्न वाचून दाखवा.