मदत हवी आहे: कलाभवनच्या जुन्या वह्या कोणाकडे आहेत का?

मंडळी, मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते. विज्ञानाच्या इतिहासावरच्या चर्चासत्रात मला कलाभवनवर, म्हणजे इथल्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेवर, पेपर वाचायचाय. सयाजीरावांनी 1890 मध्ये ते सुरू केलं, प्रमुख होते रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर, तेच ज्यांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावरचे डांबराचे डाग काढून दाखवले, आणि रंगाई, रसायन असले विषय मुलांना आपल्या भाषेत शिकवायचे हा त्यांचा ध्यास. दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी.

मला बघायचंय की ॲसिड, मीठ, रंग पक्का करणं याला तेव्हा वर्गात शब्द कोणते वापरायचे, कारण शब्द बदलला की समजही बदलते असं मला मनापासून वाटतं. कोणाच्या आजोबा-पणजोबांच्या वह्या, प्रमाणपत्रं माळ्यावर असतील तर प्लीज कळवा, मी घरी येऊन फोटो काढीन, वही तुमच्याकडेच राहील.