सेस्ना १७२ चं घरगुती पॅनेल: खऱ्या सुया की मागे मॉनिटर?

चोपडेकर_डिप्लोमा:
नमस्कार. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक्स-प्लेन या कॉम्प्युटरवरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये सेस्ना १७२ हे छोटं विमान उडवतो, पण माउसने नॉब फिरवायचा आता कंटाळा आला. समोर पॅनेल हवं. आर्डुइनो मेगा (मोटर, नॉब जोडायचा छोटा कंट्रोलर) आणि २२ इंची जुना मॉनिटर जवळ आहे. सहा मुख्य डायलना खऱ्या सुया बसवू, की मॉनिटरवर डायल दाखवून पुढे भोकं पाडलेला बोर्ड लावू? खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. थ्रीडी प्रिंट जळगावहून करून आणणार.

गोंदूर_रनवे:
मॉनिटरच लाव भाऊ. डायल दाखवणाऱ्या एअर मॅनेजर सॉफ्टवेअरला पैसे पडतात, पण सहाही डायल तयार मिळतात. इकडे धुळ्यात शिकाऊ विमानं डोक्यावरून जातात, ती बघितली की मलाही लगेच उडवायला बसावंसं वाटतं. सुयांच्या नादात वर्ष जाईल.

दीपनगर_गेजवाला:
माझी सगळी नोकरी वीजकेंद्रात गेज उघडण्यात आणि कॅलिब्रेट करण्यात गेली, तेव्हा मी सुईच्याच बाजूने बोलणार. पण बाळा, सहाही सुयांनी सुरुवात करू नको. ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे विमानाचा कल दाखवणारा डायल, एकाच वेळी कलतो आणि वर-खाली होतो. ती यंत्रणा घरी बसवणं फार किचकट. सहा डायल आत्ता मॉनिटरवर राहू दे. भोकं ३ पूर्णांक १/८ इंचाची, म्हणजे ७९.४ मिमी. ३ मिमी एमडीएफ लेझरवर कापून घे.

सुई लाव इंधनाच्या गेजला. १७२ एस मध्ये ती सहा डायलच्या डावीकडे असतात, त्यामुळे मॉनिटरच्या आड येत नाहीत. हालचाल थोडी, शिकायला उत्तम. मोटर एक्स२७.१६८ घे, गाड्यांच्या डॅशबोर्डमधली. ३१५ अंश फिरते आणि करंट इतका कमी घेते की आर्डुइनोच्या चार पिनांवर थेट चालते. चालू करताना तिला उलटी फिरवून आतल्या अडसराला टेकवायचं, तेच शून्य. सुई बोटाने ढकलू नको, आतले दाते मोडतात. आणि सुई डायलपासून दीड-दोन मिलिमीटरच वर ठेव. जास्त उचललीस तर बाजूने बघताना आकडा चुकीचा दिसतो. डायलचा कागद मॅट हवा.

एक गोष्ट मनावर घे: प्रिंट पीएलए प्लास्टिकमध्ये करू नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, वर पत्रा, मागे मॉनिटरची गरम पाठ. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पीईटीजी प्लास्टिक सांग.

चोपडेकर_डिप्लोमा:
काका, खूप आभार. इंधनाच्या गेजचं पटलं. पुढे अल्टिमीटर (उंची दाखवणारा डायल) करायचाच आहे. भिंतीवरच्या घड्याळाची यंत्रणा वापरता येईल का? दोन सुया तयारच आहेत.

दीपनगर_गेजवाला:
नाही जमणार. घड्याळात मोठा काटा १२ फेऱ्या मारतो तेव्हा छोट्याची एक होते. अल्टिमीटरला १० ला १ हवं: मोठ्या सुईची फेरी हजार फुटांची, छोटीची दहा हजारांची. गिअर प्रिंट करून घ्यावे लागतील. एक्स२७ इथे चालत नाही, ती अडसराला थांबते. २८बीवायजे-४८ घे, ती गोल फिरतच राहते, फेरीला २०४८ स्टेप. तिला अडसर नाही, म्हणून शून्य ओळखायला हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की कळवणारा) आणि छोटं चुंबक लागेल. सिम्युलेटर आणि आर्डुइनो जोडणारं मोबीफ्लाइट सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मोटरला ऑटो झिरोची, म्हणजे आपोआप शून्यावर आणायची सोय आहे.

ही मोटर आर्डुइनोच्या पिनवर थेट लावायची नाही, मध्ये यूएलएन२००३ चिपचा ड्रायव्हर हवा, तो मोटरचा करंट झेलतो. सप्लायही बोर्डाच्या ५ व्होल्टवरून नको, वेगळा अडॅप्टर घे आणि दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोड.

अल्टिमीटरचा दाब लावायचा नॉब मात्र पहिल्या दिवसापासून खरा लाव. नॉब किती फिरला ते सांगणाऱ्या रोटरी एन्कोडरला दोनच पिन लागतात. हवेचा दाब २९.९२ इंचांवर हाताने फिरवून आणलास की उंची बदलताना डोळ्यासमोर दिसेल, ते माउसने कधी कळत नाही.

गोंदूर_रनवे:
काका, १० ला १ गिअरची फाइल कुणाकडे असेल तर इथे टाका, मीही करतो.

दीपनगर_गेजवाला:
काढून देतो. चोपडेकर, तुझ्या मोटरच्या शाफ्टचं माप कळव, त्याच मापाने काढतो.