सल्ला हवा: पोळी-भाजी केंद्रात स्कॅनर आणि स्टीलचे डबे, दोन्ही एकदमच सुरू करावं का?

अन्नपूर्णा_कराड

नमस्कार मंडळी. बचत गटातल्या तिघी मैत्रिणी आणि मी मिळून कराडला पोळी-भाजी केंद्र चालवतो. एका वेळचे ६० डबे आहेत, बहुतेक कॉलेजची मुलं आणि बदलीवर आलेले नोकरदार. डब्याचे महिना २,००० रुपये. शिवाय काउंटरवर सुट्या पोळ्या, भाजी, सणावाराला पुरणपोळी धरून रोजचे दीड-दोन हजार होतात. आजवर सगळा व्यवहार रोखीचा. मुलं रोज म्हणतात, "काकू, स्कॅनर लावा ना, सुट्टे नाहीत." पण दुपारी गल्ल्यावर सासूबाई असतात. त्या म्हणतात, हातात न आलेला पैसा आला असं कसं मानायचं? त्यांचं म्हणणं मला उडवून लावावंसं वाटत नाही.

दुसरी गोष्ट प्लास्टिकच्या डब्यांची. भाजीचा एक, आमटीचा एक, चार रुपयांना एक डबा. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेबारा हजार जातात. मागच्या पावसात केंद्रामागच्या ओढ्याला पाणी आलं, ते ओसरल्यावर करंजाच्या मुळांत आमचेच डबे अडकलेले दिसले. झाकणावर आमचा स्टिकर तसाच होता. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

मंडईची_लेक

ताई, आधी सासूबाईंचं सांगते. माझ्या आईचा भाजीचा गाडा आहे, तिला लिहिता-वाचता येत नाही. २०२० मध्ये पीएम स्वनिधीतून, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेतून, तिला १०,००० रुपये कर्ज मिळालं, त्याच वेळी स्कॅनर आला. डिजिटल व्यवहारांवर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत कॅशबॅक होता, म्हणून तिने होकार दिला. पहिले दोन महिने तिचा विश्वासच बसत नव्हता. मग आम्ही मराठी बोलणारा साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की मोठ्याने सांगणारी पेटी, घेतली. आता "चाळीस रुपये प्राप्त झाले" ऐकू आलं की आई एक वाल पत्र्याच्या डबीत टाकते. रात्री मी वाल मोजते आणि फोनमधल्या नोंदींशी ताडून बघते. डबीत जेवढे वाल, तेवढे व्यवहार. कधी फरक निघालाच तर कोणत्या गिऱ्हाइकाच्या वेळी गडबड झाली ते तिला बरोबर आठवतं.

तुमच्या सासूबाईंनाही असंच काहीतरी हाताला लागणारं द्या. आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण बघून माल द्यायचा नाही, खोटे स्क्रीन दाखवणारी ॲप्स आहेत. पेटी बोलली तरच द्यायचं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला तर तो पैसे काढायला आलाय असं समजायचं.

डोंबिवलीची_सुगरण

तुमचं पत्र वाचून राहवलं नाही. मी चार वर्षांपूर्वी प्लास्टिक बंद केलं, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं. २३ मार्च २०१८ च्या महाराष्ट्राच्या अधिसूचनेत एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, वाट्या, डबे सगळ्यांवर बंदी आहे. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. मिळतात सगळीकडे, म्हणून चालतात असं नाही.

आता हिशोब. माणशी स्टीलचे दोन डबे लागतात, एक त्यांच्याकडे आणि एक तुमच्याकडे धुण्यात. ६० जणांचे १२०. दोन पुडांचा बरा डबा २६० रुपयांना धरला तर ३१,२०० रुपये झाले. धुणाऱ्या बाईंना ४,००० द्या, कमी देऊ नका, हिवाळ्यात तेलकट डबे घासणं सोपं नाही. तरी महिन्याला साडेआठ हजार वाचतात, म्हणजे चार महिन्यांच्या आत पैसे वसूल.

खरी गोम डबे परत येण्यात आहे. पहिल्या महिन्यात माझे १९ डबे गेले. मग ३०० रुपये अनामत सुरू केली आणि प्रत्येक डब्यावर क्रमांक घालून घेतला, लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात तसा, भांड्यांच्या दुकानातूनच. मुंबईचे डबेवाले १८९० पासून खुणांवरच डबे फिरवतायत, आपल्याला तर ६० च सांभाळायचेत. क्रमांक पुडावर आणि झाकणावर, दोन्हीकडे हवा. नाहीतर झाकणं अदलाबदल होतात आणि आमटी सांडते.

ऊसवाला

कराडसारख्या उसाच्या पट्ट्यात उसाच्या चिपाडाचे डबे का नाही वापरत? धुणं नाही, परत मागणं नाही.

डोंबिवलीची_सुगरण

वापरून बघितले. कोरड्या भाजीला, पोळीला उत्तम. गरम रस्सा घातला की तासाभरात तळ मऊ पडतो आणि पिशवीला ओल येते. काउंटरवरच्या सुट्या गिऱ्हाइकाला जरूर द्या, रोजच्या डब्याला नको. काउंटरवर घरचा डबा आणणाऱ्याला मी दोन रुपये कमी लावते, आता निम्मे लोक आणतात. आणि भजी-वडे वर्तमानपत्रात बांधत असाल तर तेही थांबवा, शाई तेलात उतरते.

जमाखर्च

मी कर सल्लागार आहे. ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे आणि तो इथे कुणी सांगितलेला नाही, म्हणून लिहितोय.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. भाजी-दूधवाल्यांनाही गेल्या, ज्यांच्या मालावर करच नाही. बंगळुरात कित्येक दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. पुढे सरकारने जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं सांगितलं, पण घबराट व्हायची ती झालीच. त्यातला मुद्दा एवढाच की खात्यात आलेली रक्कम विक्रीची, उसनी की अनामतीची, हे बाहेरच्याला दिसत नाही. ते तुम्हाला दाखवावं लागतं.

तुम्ही ६० जणांकडून ३०० रुपये अनामत त्याच स्कॅनरवर घेतलीत तर १८,००० रुपये विक्रीत मिसळतील. परत करायची अनामत ही विक्री नव्हे. डबा हरवला आणि तुम्ही ती ठेवून घेतलीत, तरच ती तुमची कमाई. म्हणून दोन खाती, दोन स्कॅनर. एक विक्रीचा, काउंटरवर. दुसरा अनामतीचा, वहीच्या आतल्या पानावर चिकटवलेला. घरखर्चाचं खातं या दोन्हींत अजिबात आणू नका.

आता जरा काळजीचं. तयार जेवण देणं ही सेवा धरतात, त्यामुळे जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, माल विकणाऱ्यांची ४० लाख आहे ती नव्हे. तुमचे डब्यांचे १४ लाख ४० हजार आणि काउंटरचे साडेपाच लाख, म्हणजे सुट्ट्या धरल्या नाहीत तर तुम्ही उंबरठ्यावरच आहात. यात रोखही मोजतात. स्कॅनर न लावल्याने मर्यादा लांबत नाही, फक्त तुम्हाला स्वतःला कळत नाही आपण कुठे आहोत ते. वर्षाचा आकडा काढून ओळखीच्या सल्लागाराला एकदा दाखवा. आणखी एक, धंदा कुणाच्या नावावर आहे?

अन्नपूर्णा_कराड

माझ्या एकटीच्या. तिघींना महिन्याचे पैसे ठरलेत. मे महिना बंदच असतो आणि दिवाळीत पंधरा दिवस, त्यामुळे २० च्या आत राहू असं वाटतं, पण आज रात्री बसून आकडा काढते. हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

जमाखर्च

मग आयकरात तुमचा फायदा आहे. छोट्या व्यावसायिकांच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. आणि १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. पेटीचं भाडं तेवढं विचारून घ्या.

बार्शीचा_किराणा

दोन खात्यांचं सांगितलंत ते सोन्यासारखं आहे. माझ्या दुकानात एक अनोळखी माणूस १,८०० रुपयांचं सामान घेऊन गेला. तीन आठवड्यांनी माझं खातं गोठवलं. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी फसवणूक झाली होती आणि त्यातला पैसा फिरत फिरत माझ्याकडे आला होता. मुलीची फी, तेलाच्या डब्यांचे पैसे, सगळं त्याच खात्यात. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक लेखी मागितला, बिलाची प्रत जोडली, तेव्हा कुठे दीड महिन्याने सुटका झाली. बिलाचं पुस्तक होतं म्हणून निभावलं. विक्रीच्या खात्यात आठवड्याच्या मालापुरतेच पैसे ठेवा, बाकी दर शनिवारी हलवा. तुमच्याशी कुणी फसवणूक केली तर १९३० वर लगेच फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

नैरोबीकर

केनियातून लिहितेय. इथे २००७ पासून एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय आहे आणि ती साध्या बटणांच्या फोनवर चालते. भाजीवाली मामा (इथे बाईमाणसाला मामा म्हणतात) पैसे आल्याचा स्वतःचा संदेश उघडून वाचते, मगच टोमॅटोची पिशवी हातात देते. गिऱ्हाइकाच्या फोनकडे ती बघतसुद्धा नाही. २८ ऑगस्ट २०१७ पासून इथे प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, ४० लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद. सुरुवातीला फार ओरड झाली. आज माझी दहा वर्षांची मुलगी बाजाराला निघताना न सांगता टोपली उचलते.

अन्नपूर्णा_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत वह्या काढून बसले. गेल्या वर्षी १७ लाख ६० हजार झाले. या वर्षी डबे वाढवायचे असतील तर आधी सल्लागाराकडे जायचं, हे ठरवलंय.

दोन्ही गोष्टी एकदम नाही करत. या महिन्यात विक्रीचा स्कॅनर आणि बोलणारी पेटी. सासूबाईंनी वालाऐवजी चिंचोके मागितलेत, ते त्यांना बोटांनी नीट मोजता येतात. पुढच्या महिन्यात पहिल्या वीस जणांना स्टीलचे डबे, अनामतीचं खातं आधी उघडून. ज्यांना जमत नाही त्यांची रोख घेणारच, आमच्याकडे दोन आजोबा आहेत, ते पाकिटात पैसे घालून पाठवतात.

एकच विचारायचं राहिलं. सुगरणताई, कॉलेजची मुलं मे महिन्यात घरी जातात तेव्हा अनामत परत करता की पुढच्या वर्षासाठी ठेवता?

डोंबिवलीची_सुगरण

परत करते, त्याच दिवशी, दोन्ही डबे हातात आल्यावर. मुलासमोरच पैसे पाठवते आणि वहीत त्याच्या क्रमांकापुढे त्याची सही घेते. जूनमध्ये त्यातले बरेच जण पुन्हा येतात आणि आपला जुनाच क्रमांक मागतात.