प्रस्तावित ले-आउट : नकाशावरचा रस्ता आणि नळाचे पाणी

सोलापुरात विजापूर रस्त्यालगत तीनशे भूखंडांचा ले-आउट प्रस्तावित आहे. तिथे ‘प्रत्येकाने बोअर घेतले की पाण्याचा प्रश्न मिटेल’ असे म्हटले जाते, ते मला पटत नाही. सोलापूरखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते, त्यामुळे शेजारी शेजारी शेकडो बोअर झाले की ते एकमेकांचेच पाणी ओढतात.

हिशेब साधा आहे. घरटी पाच माणसे आणि माणशी 135 लिटर धरले, तर रोज सुमारे दोन लाख लिटर पाणी लागेल. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, तिथे चार दिवसांच्या खंडासाठी आठ लाख लिटरचा साठा हवा. तो सामाईक टाकीत नसेल, तर पाणी येताच जो तो नळाला मोटार लावेल आणि शेवटच्या गल्लीतल्या घरांना थेंबही मिळणार नाही. शहराला पाणी देणारे उजनी धरण सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे, हेही विसरता येणार नाही. शिवाय वापरलेल्या पाण्यापैकी ऐंशी टक्के सांडपाणी होते, आणि ले-आउटच्या नकाशात ड्रेनेज कुठे जोडणार याचा उल्लेखच नाही.

रस्त्याबद्दल एवढेच, की शहराच्या विकास आराखड्यात दाखवलेला दुसरा रस्ता प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत सगळी वाहने एकाच तोंडाने मुख्य रस्त्यावर, जड वाहनांच्या मध्ये उतरतील. म्हणून हा दुसरा रस्ता आणि सामाईक टाकी पूर्ण होण्याआधी अंतिम मंजुरी देऊ नये, अशी लेखी हरकत मुदतीत नोंदवावी.