विज्ञान प्रदर्शनासाठी सोपा प्रकल्प: दाभोळच्या खाडीची भरती

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी यंदा सातवीत असून तिच्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन फेब्रुवारीत आहे. प्रकल्प सोपा असावा, घरच्या साहित्यात व्हावा आणि त्यातली मोजमापे मुलांनी स्वतः घेतलेली असावीत, एवढ्याच शिक्षकांच्या अटी आहेत. गेल्या वर्षी तिने खायचा सोडा आणि व्हिनेगर वापरून ज्वालामुखी केला होता. फेस झकास आला, परंतु "यातून तू काय शोधलेस?" असे परीक्षकांनी विचारताच ती गप्प झाली, आणि खरे सांगायचे तर मीही गप्पच झाले असते. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सोळा दिवस माझ्या माहेरी, दाभोळला, असू. तिथे करता येण्याजोगे काही सुचल्यास कृपया कळवावे.

आपली,
एक सभासद, न्यू जर्सी

---

ताई, नमस्कार.

आमच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी आमसुलाच्या पाण्याचा दर्शक (आम्ल की अल्कली ते रंगाने दाखवणारा द्रव) केला होता, तो सुचवते. कोकमाच्या सालीत अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते आम्लात लाल दिसते आणि अल्कली घातल्यावर रंग पालटते. सोबत हळदीच्या पट्ट्या ठेवाव्यात, कारण हळद साबणाच्या पाण्यात तांबडी होते, आणि जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी तर अल्कलीत हिरवा होतो. एक अडचण मात्र आम्हांला फार उशिरा कळली. आमसूल मुळातच आंबट असल्यामुळे त्याचा अर्क आधीपासून आम्लधर्मी असतो, त्यामुळे चिमूटभर सोड्याने रंग हलत नाही आणि मुले हिरमुसतात. सोडा मोजून, थोडाथोडा वाढवत न्यावा.

आपली,
एक सभासद, फिलाडेल्फिया

---

सर्वांस स. न. वि. वि.

मंडळ सोडून हर्णैला परत येऊन मला बरीच वर्षे झाली, तरी ही पत्रे मी नेमाने वाचतो. आमसुलाचा प्रयोग चांगलाच आहे, पण तो न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरातही होईल. ताईंची लेक सोळा दिवस खाडीकाठी राहणार असेल, तर तिने तिथेच जमेल असे काम करावे, असे मला वाटते.

आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजणी सुरू होते. पूर्वी शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी (पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे) पाठ करून घेत असत, तेव्हा होडीत बसल्या बसल्या हा हिशेब करायला कोणालाच अडचण येत नसणार. आता हा नियम किती खरा आहे, आणि चुकत असेल तर कोणत्या तिथीला किती मिनिटांनी चुकतो, हाच मुलीचा प्रश्न. उत्तर तिला धक्क्यावर उभे राहूनच काढावे लागेल.

नियमात एक खोच आहे, ती तिने आधी कागदावर पकडावी. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, पाऊणपटीने सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण वाजतो. म्हणजे एरवी रोज ४५ मिनिटे पुढे सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तास उडी मारते. समुद्र अशी उडी मारत नाही. चंद्र एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सुमारे २९.५३ दिवस घेतो आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळात पूर्ण २४ तास फिरून येते, म्हणून दर तिथीला सरासरी ४८ मिनिटे पडतात. पाऊणकीत दर तिथीला तीन मिनिटे कमी धरली आहेत, आणि पंधरवड्यात साठलेली ती ४५ मिनिटे शेवटी एकदम भरून काढावी लागतात. तोंडी हिशेब सोपा राहावा म्हणून जुन्या माणसांनी हा फरक जाणूनबुजून सोडला असावा, असा माझा तर्क आहे.

भरतीची नेमकी वेळ पकडणे वाटते तितके सोपे नाही, कारण पाणी पूर्ण भरण्याच्या सुमारास पातळी फारच सावकाश बदलते. त्यासाठी एक युक्ती सांगतो. धक्क्याच्या पायऱ्यांजवळ खुणा केलेली काठी पक्की बांधावी. पाणी चढताना एखाद्या खुणेला कधी लागले ते लिहावे, उतरताना त्याच खुणेला कधी आले तेही लिहावे आणि दोन्हींच्या मधली वेळ धरावी. खूण भरतीच्या पातळीच्या जितकी जवळ, तितके उत्तर बरे येते. होडीच्या आणि फेरीच्या लाटांनी पाणी हलत असेल, तर वरून उघडी, खालून बंद आणि बुडाशी एकच लहान भोक पाडलेली प्लास्टिकची नळी काठीला बांधून आतली पातळी पाहावी. नळीतले पाणी बरेच शांत राहते.

आपला,
एक जुना सभासद, हर्णै, ता. दापोली

---

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून मुलीने लगेच कॅलेंडरवर तिथी लिहायला घेतल्या. दोन शंका आहेत. रात्रीच्या भरतीचे काय करावे? आणि सोळा दिवस पुरतील का?

---

ताई,

रात्री धक्क्यावर मुळीच जाऊ नये. पायऱ्यांवर शेवाळ असते आणि ओहोटीला चिखल, त्यामुळे दिवसासुद्धा आजोबा किंवा मामा सोबत असल्याशिवाय तिला पाठवू नये. तुम्ही डिसेंबरात येत आहात हे बरे, कारण पावसाळ्यात मी हा प्रयोग सुचवलाच नसता. अष्टमीच्या आसपास भरती पहाटे आणि संध्याकाळी येते, तेव्हा अंधार असल्यास दुपारची ओहोटी मोजावी. मात्र तिच्यात सहा तास मिळवून भरती काढू नये. दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटे असली, तरी खाडीत पाणी चढायला आणि उतरायला सारखाच वेळ लागेल असे नाही. ओहोटीचा तक्ता वेगळा ठेवावा.

दिवस पुरतील, कारण उधाणापासून (सर्वांत मोठ्या भरतीपासून) उधाणापर्यंतचा काळ पंधरा दिवसांहून किंचित कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, म्हणून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा भांगाची, म्हणजे लहान, भरती येते आणि काठीवरही पाणी कमी चढलेले दिसते. वेळेतही गंमत आहे. उधाणाच्या दिवसांत भरती रोज ४८ मिनिटांहून कमी सरकते आणि भांगाच्या दिवसांत जास्त, कधी तासाहूनही अधिक. त्यामुळे मधल्या तिथींना मोठा फरक आला तर मुलीने मोजणी चुकली असे समजून आकडे खोडू नयेत. आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही तिला आधी सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट प्रमाणवेळेची. दाभोळ सुमारे ७३.२ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारताची घड्याळे ८२.५ अंशांवर चालतात. त्यामुळे तिथला सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३७ मिनिटे मागे असतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, नियम मात्र त्याहून जुना असणार. म्हणून मुलीने दोन रकाने करावेत, एक घड्याळाच्या वेळेचा आणि दुसरा त्यातून ३७ मिनिटे वजा केलेला, आणि पाऊणकी कोणत्या रकान्याशी अधिक जुळते ते पाहावे. मला स्वतःलाही याची उत्सुकता आहे.

---

काका, मनःपूर्वक आभार.

न्यू जर्सीत परतल्यावर तिथल्या किनाऱ्यावरच्या सँडी हूकच्या भरतीच्या वेळा घेऊन पाऊणकी तिथेही लावून पाहायची, असे मुलीने ठरवले आहे. रोजची सरक सारखीच येईल, पण सुरुवातीचा तास वेगळा निघेल, असा तिचा अंदाज तिने वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवला आहे. काठी आणि नळी आजोबा तयार ठेवणार आहेत. फिलाडेल्फियाच्या ताईंना सांगायचे राहिले, की येताना आमसुले आम्ही आणूच. ती मात्र सोलकढीसाठी.