मदत हवी आहे: गावाकडे हार्ट अटॅक आला तर आधी कुठे न्यायचं?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात नोकरीला. आई-बाबा सावंतवाडीपासून आत एका वाडीत, दोघंच. बाबा 68 वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही. गेल्या महिन्यात माझे धाकटे काका गेले, म्हणून हा धागा.

काकांच्या छातीत पहाटे जड वाटायला लागलं, दरदरून घाम. "गॅस झालो असतलो, सोडो हाड," म्हणत दोन तास गेले. मग रिक्षाने जवळच्या दवाखान्यात, तिथे ईसीजीची सोय नाही. पुढच्या एका खासगी ठिकाणी ईसीजी निघाला, अटॅकच आहे म्हणाले, आणि "मोठ्या हॉस्पिटलात न्या" अशी चिठ्ठी मिळाली. गोव्याच्या वाटेवर गाडीतच गेले. काकी अजून विचारते, सरळ गोव्यालाच नेलं असतं तर? मला उत्तर देता येईना, म्हणून वाचायला बसलो.

देशातल्या 50 शहरांतल्या 89 रुग्णालयांची मोठी पाहणी 2008 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली होती. मोठ्या अटॅकच्या (ज्याला डॉक्टर 'स्टेमी' म्हणतात) रुग्णांबद्दल त्यात आहे, की त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत निम्म्या लोकांना 6 तासांहून जास्त लागले. दारात पोचल्यावर मात्र हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं औषध (इंजेक्शन) सुरू व्हायला साधारण 50 मिनिटं. म्हणजे वेळ जातो तो घरात आणि रस्त्यावर. ते औषध मिळालं 58.5 टक्क्यांना, अँजिओप्लास्टी (तुंबलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) झाली 8 टक्क्यांची. गरिबांना दोन्ही कमी. हे वाचून काका डोळ्यांसमोरून हलेनात.

पुढे तमिळनाडूत छोटी रुग्णालयं मोठ्या केंद्राला जोडली. छोट्या ठिकाणी ईसीजी काढून लगेच गुठळीचं औषध, मग रुग्ण मोठ्या केंद्रात. तिथे वर्षभरातले मृत्यू 17.6 वरून 14.2 टक्क्यांवर आले. गोव्यातही 2018 पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजभोवती अशीच साखळी आहे. काकांना पहिल्याच ठिकाणी ते इंजेक्शन मिळायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

आमच्या घरून बांबोळी दीड तास, पावसात आणखी. बाबांना आधी सरकारी रुग्णालयात नेऊन इंजेक्शन द्यावं की थेट बांबोळी गाठावी? सिंधुदुर्गातली 108 गोव्यात सोडते का? तिथे आपली महात्मा फुले योजना चालते का? सोर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती गोळी) घरात ठेवावी का? स्वतः अनुभव घेतलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद 1
काकांबद्दल वाईट वाटलं. मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन आहे. निदान झाल्यापासून 2 तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती उत्तम. दीड तास प्रवास, वर तिथली तयारी, म्हणजे तुमचा हिशेब त्यात बसत नाही. तेव्हा जवळ इंजेक्शन, मग लगेच पुढे. गुठळीच्या औषधांपैकी टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात शिरेतून देता येतं, स्ट्रेप्टोकायनेज अर्धा-एक तास सलाईनमधून. पहिल्या 3 तासांत गुण सर्वांत जास्त. कळ थांबली म्हणून घरी परतायचं नाही, 24 तासांच्या आत अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) हवीच. आधी पक्षाघात झालेला असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो. पहिला ईसीजी साफ आला आणि दुखणं चालूच असेल तर 15-20 मिनिटांनी परत काढायला सांगा. सोर्बिट्रेट स्वतःहून नको, बीपी आधीच उतरलं असेल तर आणखी कोसळतं. अॅस्पिरिन चावून घ्यायची, पण बाबांना चालते का हे त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

धागाकर्ता
डॉक्टर, मनापासून आभार. उद्या सकाळी सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात फोन करून टेनेक्टेप्लेज आहे का आणि रात्री ईसीजी कोण वाचतं ते विचारतो. बाबांचे जुने ईसीजी आणि गोळ्यांची यादी फ्रीजवरच्या पिशवीत ठेवायला आईला सांगितलंय. 108 आणि योजनेचं कुणाला माहीत असेल तर अजून वाट बघतोय.