मॉर्फिन आणि ‘शेवटचे दिवस’ यांविषयी

‘मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचे अफूजन्य औषध) सुरू झाले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ हे मत सर्रास ऐकू येते, पण ते पटत नाही. बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांच्या जोडीने पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि इतर त्रास कमी करण्यावर भर देणारी शुश्रूषा) मिळालेल्या गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने होते, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ८.९. अर्थात हा अभ्यास एकट्या मॉर्फिनचा नव्हता.

कोथरूडला आमच्या घरी सासऱ्यांचा कर्करोग हाडांत उतरला, तेव्हा सासूबाई ‘सवय लागेल’ या धास्तीने दर चार तासांची गोळी दुखणे असह्य होईपर्यंत लांबवीत. परिणामी वेदना आटोक्यात यायला प्रत्येक वेळी अधिक वेळ लागे. डॉक्टरांनी घड्याळाप्रमाणे गोळी द्यायला लावली आणि पहिल्या दिवसापासून रेचकही लिहून दिले, कारण मॉर्फिनने होणारी बद्धकोष्ठता गुंगीसारखी काही दिवसांत ओसरत नाही. आठवड्याभरात सासरे गॅलरीत बसून स्वतःच्या हाताने दाढी करू लागले.